छत्तीसच्या आत

मंगळवार, ४

ही माझी कॉलेजची प्रयोगवही. पुढची अकरा पानं फाडलेली आहेत. मीच फाडली, सरांच्या टेबलावर, सरांच्या डोळ्यांदेखत. "रीडिंग जुळत नसेल तर मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून उतरवून घे," म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. त्यानंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. चार महिने झाले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की आईला सांगतात, मी समोर बसलेला असताना. "त्याला सांग, मीठ इकडे सरकव." छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात तसे आम्ही जेवायला बसतो.

मागची पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची, म्हणून लिहितोय.

मामाचा घरं रंगवायचा धंदा. सध्या मी त्याच्या हाताखाली. आज एका शिलाईच्या कारखान्यात खिडक्यांच्या चौकटी मोजायला गेलो होतो. शाळेचे गणवेश शिवतात तिथे. एकच लांब हॉल, वर सिमेंटचा स्लॅब, चाळीस मशीनं आणि चाळीस बायका. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत डोकं घातल्यासारखं वाटलं. साडेतीनला वीज गेली. म्हणे रोज याच वेळी अर्धा तास जाते. पंखे थांबले तशा सगळ्या निमूट उठल्या, नळावर जाऊन डोक्यावर पाणी मारून आल्या आणि पदराने तोंड पुसत पुन्हा जागेवर बसल्या. कुरकुर नाही, काही नाही. मला त्यांचाच राग आला.

एका मशीनखालून दोन पाय बाहेर आले होते. आतून आवाज आला, "पाना दे."

मी हातात होता तो कुंचा दिला.

तिने डोकं बाहेर काढलं. नाकाला तेल लागलेलं. कुंच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा पाना आहे?"

"नाही," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत सतरा चांगली उत्तरं सुचली.

बुधवार, ५

खिडक्यांचं काम बोंबललं. कारखान्याच्या मालकीणबाई मामाला म्हणाल्या, "रंग राहू दे आता. महिनाअखेरीला आम्ही हा हॉल सोडतोय." गावाबाहेर नवा हॉल मिळतोय, सगळीकडून बंद, आत यंत्राने थंड केलेला. बटणं लावणाऱ्या मावशी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "दोन बस बदलून जायचं म्हणजे आमच्यातल्या निम्म्या घरीच बसणार, बाई."

"मागच्या आठवड्यात दोघी चक्कर येऊन पडल्या," बाई म्हणाल्या. "तिसरी पडेपर्यंत वाट बघू का मी?"

त्यांचंही चूक नव्हतं. पण मला एकच दिसत होतं. मशीनं गावाबाहेर, म्हणजे मशीनं दुरुस्त करणारी पण गावाबाहेर. माझ्या तोंडून फटकन निघालं, "बाई, मी चुना लावतो ना तुम्हाला!"

हॉलमधली मशीनं थांबली. बटणमावशी इतक्या हसल्या की तोंडातली सुई काढून ठेवावी लागली.

"स्लॅबला!" मी ओरडलो. "स्लॅबला चुना लावतो! काळा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि खाली तुमच्या डोक्यावर ओततो. पांढरा केला की ऊन आल्या पावली परत जाईल. पाच अंश उतरवून दाखवतो." दीड वर्षाच्या कॉलेजात मी मन लावून ऐकलेलं एकमेव लेक्चर हे.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दुपारी तीन वाजता, या मधल्या खांबापाशी, छत्तीसच्या आत. अठ्ठावीस तारखेला मला त्या हॉलवाल्याला शब्द द्यायचाय. तोवर काय करायचं ते कर."

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "भाच्या, तापमान मोजायला काय आहे आपल्याकडे? तुझं डोकं?"

ती दारात उभी राहून ऐकत होती. हसत होती की उन्हाने डोळे बारीक केले होते, सांगता येत नाही.

शुक्रवार, ७

सकाळी पिशवीत थर्मामीटर सापडला. भिंतीवर टांगायचा, लाकडी पट्टीवरचा, खाली पाऱ्याच्या गोळीवर जाळीचं टोपण. बाबा दवाखान्यात कंपाउंडर आहेत, तिथल्या औषधांच्या खोलीत असले असतात. आईला विचारलं तर म्हणाली, "माळ्यावर सापडला." आमच्या माळ्यावर एवढी बिनधुळीची वस्तू पहिल्यांदाच निघाली.

मधल्या खांबावर टांगला. तीन वाजता एक्केचाळीस.

खांबाशेजारी काळ्या खडूने तारीख आणि आकडा लिहिला. बायकांनी मला नाव ठेवलंय, काडेपेटी. ते कोणी ठेवलं याचा तपास चालू आहे.

शनिवार, ८

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, म्हणून लवकर लिहून टाकतो.

मामा म्हणाला होता, सोमवारी पहाटे सुरू करू. मला दम निघेना. भर दुपारी बारा वाजता मी एकटाच बादली घेऊन स्लॅबवर चढलो. म्हटलं, ती डबा खायला बाहेर येईल तेव्हा वर बघेल, मी पांढऱ्या स्लॅबवर उभा असेन. चुना लावला की मागच्या मागे वाळत होता. वाटलं, वा, काय वेग आहे! अर्धा स्लॅब उरकला आणि मग वारा सुटला.

सगळा चुना पिठासारखा उडाला. खाली अंगणात धुऊन वाळत टाकलेले एकशेवीस निळे गणवेश पांढरे झाले. ती डबा खायला बाहेर आली होती. तिचा डबाही पांढरा झाला.

"काडेपेटी," ती वर बघून म्हणाली, "चुना लावलास बाबा एकदाचा."

तपास पूर्ण झाला. नाव तिनेच ठेवलंय.

सोमवार, १०

मामा ओरडला नाही. ते जास्त लागलं. पहाटे पाचला मला उठवून नेलं. आधी सगळा स्लॅब घासून घेतला. मग पाणी मारून ओला केला. चुना त्याने आदल्या दिवशीच भिजत घातला होता. तो फडक्याने गाळला, त्यात डिंकाचं पाणी आणि मूठभर मीठ घातलं. डोळ्यांवर चष्मा घालायला लावला. "चुना डोळ्यात गेला तर प्रेमपत्रं वाचायची पंचाईत होईल," म्हणाला. कुठली प्रेमपत्रं? मामाचं आपलं काहीतरीच.

"चुन्याला सावकाश वाळू द्यायचं असतं," तो म्हणाला. "ओला राहिला की धरून बसतो. उन्हात घाई केली की त्याची पिठी होते. तुझ्यासारखंच आहे ते." पहिला हात आडवा, ऊन यायच्या आत संपवला. उद्या दुसरा, उभा.

नंतर गणवेश परत धुतले. एकशेवीस. मी एकट्याने. म्हणजे, साठ. अर्ध्यावर ती येऊन पिळू लागली. म्हणाली, मशीनला सुटा भाग यायचाय, रिकामी बसलेय. एका मशीनवर बसलेल्या मावशी जोरात खोकल्या.

बुधवार, १२

दोन्ही हात झाले. स्लॅब इतका पांढरा आहे की दुपारी नुसत्या डोळ्यांनी बघवत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून लिहितोय.

तीन वाजता अडतीस.

पाच नाही, तीनच अंश उतरला. मी खांबापाशी थर्मामीटरकडे रोखून बघत उभा राहिलो, रागाने पारा खाली जातो की काय म्हणून. खांबाजवळ इस्त्रीचं टेबल आहे. तिथल्या इस्त्रीकाकांवर भडकलो, "तुमच्या इस्त्रीमुळे!" ते म्हणाले, "अठरा वर्षं याच जागी इस्त्री करतोय. उन्हाळा मी आणला होय रे?" आणि तोंड फिरवून कॉलर दाबत बसले.

तिने माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. "ताप काय एका दिवसात उतरतो? आमच्याकडे लहान कोणी फणफणलं की आई कपाळावर ओली पट्टी ठेवते. बघता बघता उतरतो."

"हॉलला कपाळ असतं का?" मी चिडून विचारलं.

ती थर्मामीटरकडे बघत राहिली. मी वर जाऊन तिसरा हात द्यायची तयारी करू लागलो.

शुक्रवार, १४

पस्तीस!!!

तिसऱ्या हाताने काम केलं! मी ओरडलो तशी अख्ख्या हॉलने मान वर केली. बटणमावशी म्हणाल्या, "बाई गं, खरंच? मला तर आज पण तेवढंच उकडतंय." मी त्यांना समजावलं, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. विज्ञान आहे.

बाई येऊन बघून गेल्या. फक्त "बरं" म्हणाल्या. बाईंचं "बरं" म्हणजे दुसऱ्यांच्या टाळ्या.

थर्मामीटरच्या टोपणाला हात लागला तर ओलसर होतं. घाम माझा असणार. आनंदाने हात भिजले होते.

तिला विचारलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं." खूश दिसली नाही. कसली मुलगी आहे.

मंगळवार, १८

चार दिवस झाले, पस्तीसच्या वर आकडा गेलेला नाही. बाई म्हणाल्या, शुक्रवारीच त्या हॉलवाल्याला नाही म्हणून कळवते, अठ्ठावीस तारखेची वाट कशाला बघायची. मी शिट्टी वाजवत घरी जायला हवं होतं.

पण आज तो थंड हॉलवाला स्वतः आला. कडक शर्ट, अत्तराचा घमघमाट. ती त्याच्याशी बोलत होती. तब्बल अकरा मिनिटं. खिडक्यांचं काम पुन्हा सुरू झाल्याने मी बाहेर चौकट खरवडत होतो, त्यामुळे ऐकू आलं. "तुमच्या हॉलला खिडक्या किती?" "एकही नाही, गरजच नाही." "मग वीज गेली की?" तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही फार विचार करता हो." त्यावर तीही हसली. अकरा मिनिटं खिडक्यांबद्दल कोण बोलतं? दोघांचं काय चाललंय ते न कळण्याइतका मी दूधखुळा नाही.

चौकट इतकी खरवडली की लाकूड लागलं.

घरी आलो तर पिशवीशेजारी दुसरा थर्मामीटर. त्याला चिठ्ठी बांधलेली, औषधाच्या बाटलीवर असते तशी. अक्षर ओळखीचं. "एकाच रीडिंगवर भरवसा ठेवू नये. दुसरा लांब लावून पडताळा घ्यावा. रोज एकदा, दुपारी."

बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पान तासभर उलटलंही नव्हतं.

बुधवार, १९

दुसरा थर्मामीटर पलीकडच्या खांबावर लावला. तीन वाजता पहिल्यावर पस्तीस, दुसऱ्यावर अडतीस.

वाटलं, बाबांनी बिघडलेला दिला. मग खात्री करायला म्हणून दोन्ही खांबांवरून काढले, शेजारी धरले. पहिल्याचं जाळीचं टोपण निघालं आणि आतून निळ्या कापडाची चिंधी खाली पडली. ओली. पाऱ्याच्या गोळीला नीट गुंडाळलेली होती.

मी काय काय बोललो ते मला आठवत नाही, पण हॉलला आठवत असेल. "कोणी केलं?" एवढं तर नक्की ओरडलो. चाळीस मशीनं थांबली. इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसत होती.

ती मशीनखालून बाहेर आली. "मी."

माझ्या डोळ्यांपुढे सरांचं टेबल आलं. "तू? तू मला चुना लावलास?"

"तुला नाही. आकड्याला ओली पट्टी लावली." तिने हातातला पाना खांबावरच्या आकड्याकडे रोखला. "निम्म्या बायका घरी बसतील. आणि तू बारा तारखेला त्या खांबापाशी कसा उभा होतास ते बघितलं होतंस का स्वतः? मला नाही बघवलं."

"त्यापेक्षा मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेतलं असतंस!"

तिला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तिचा चेहरा मात्र पडला. पाना टेबलावर ठेवून ती निघून गेली. बटणमावशी हळूच म्हणाल्या, "काडेपेटी, चूल पेटवायची सोडून घर पेटवलंस."

गुरुवार, २०

खरं लिहायचं तर सकाळी असं वाटलं की गप्प बसावं. चिंधी परत गुंडाळायची आणि दुसरा थर्मामीटर बाबांना परत द्यायचा. शुक्रवारी बाई फोन करतील, बायका राहतील, ती राहील. कोणाचं नुकसान? मग आठवलं की पस्तीस लिहिलं तरी मावशींना अडतीसच उकडतंय. पारा उतरला, ताप उतरला नव्हता. आणि चक्कर आकडा बघून येत नाही.

सरांना मी एका फटक्यात खोटारडे म्हटलं होतं. आज कळलं, खोट्याकडे माणूस कधीकधी भल्यासाठीच जातो. म्हणून ते खरं होत नाही, पण पानं फाडण्याआधी मी "का" एवढं तरी विचारायला हवं होतं. सरांना नाही तर निदान तिला, काल ओरडण्याआधी.

बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. आकडा खोटा होता, खरा अडतीस. कोणी केलं ते सांगितलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "मी उद्या त्याला नाही सांगणार होते. मग एखादी पडली असती तर?"

मी दोन्ही थर्मामीटर त्यांच्या टेबलावर ठेवले.

"अठ्ठावीस तारीख आहे तशी आहे," त्या म्हणाल्या. "आणि आता मोजायला मी स्वतः येणार."

दाराबाहेर आलो तर ती उभी होती. मी काही बोलायच्या आत आत गेली. दार बंद व्हायच्या आधी ऐकू आलं, "बाई, ती पट्टी मी लावली होती."

शनिवार, २२

माफीचं पत्र लिहिलं. चार पानी. वाचलं तर त्यात तीन पानं मीच बरोबर होतो. फाडलं. या वहीची पानं अशीच जाणार आहेत.

मग सरळ तिच्या मशीनपाशी गेलो. ती उघड्या मशीनमध्ये तेल घालत होती. शेजारचं मशीन धाडधाड चालू होतं.

"चुकलो," मी म्हणालो.

"काय?"

"चुकलो!"

"अजून एकदा म्हण, मशीन चालू आहे."

"चुकलो, म्हटलं ना!" मी ओरडलो, तेवढ्यात शेजारचं मशीन नेमकं थांबलं. बायकांना हसायला निमित्तच लागत नाही.

"मी पण," ती म्हणाली. मग मशीनच्या पोटात बोट दाखवलं. "मशीन तापलं की मी काय करते माहितीये? झाकण उघडून ठेवते. आतली गरम हवा वर निघून जाते. बाहेरून कितीही पांढरा रंग दे, झाकण बंद असेल तर आतलं आतच राहणार. या हॉलचं झाकण कुठंय?"

आम्ही दोघांनी वर बघितलं. छताखाली भिंतींना सात झरोके आहेत, दोन्ही बाजूंना. सगळे कापडाच्या तुकड्यांच्या गाठोड्यांनी बुजलेले. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, कबुतरं यायची म्हणून बारा वर्षांपूर्वी बुजवलेत.

मला तिच्या तेलकट नाकाची पापी घ्यावीशी वाटली. म्हणजे विज्ञानाच्या आनंदाने.

सोमवार, २४

रविवारी गाठोडी काढली, झरोक्यांना कबुतरांसाठी जाळी बसवली. मामा शिडी धरून उभा होता आणि आम्ही दोघं वर. शिडी धरायला एवढं हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

तिने एक नियम काढलाय. झरोके आणि खिडक्या संध्याकाळी उघडायच्या, रात्रभर गार हवा आत खेळू द्यायची आणि सकाळी दहाला खालच्या खिडक्या ओढून घ्यायच्या. चौकीदाराला कागदावर लिहून दिलं.

आज सदतीस. दोन्ही थर्मामीटरवर. खरे. एक अंश उतरला, अजून एक पाहिजे.

इस्त्रीकाकांची माफी मागायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू त्या दिवशी ओरडलास ते मला लागलं. घरी जाऊन विचार केला. दिवसभर वाफ सोडतो, ती जाते कुठे? हॉलमध्येच." आणि टेबलाचं एक टोक उचललं. "धर. बाहेर व्हरांड्यात नेऊ. मलाही जरा रस्ता दिसेल."

अठरा वर्षांनी टेबल हललं. खालची फरशी वेगळ्याच रंगाची निघाली.

शुक्रवार, २८

तीन वाजता बाई स्वतः आल्या. चष्मा पुसला. मधल्या खांबापाशी वाकून बघितलं. 

"साडेपस्तीस."

आरडाओरडा व्हायच्या आत मी म्हणालो, "बाई, पलीकडचाही बघा." माझ्या तोंडाला कधी कुलूप लागणार आहे कुणास ठाऊक.

पलीकडे छत्तीस. बरोब्बर रेघेवर.

"छत्तीसच्या आत ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "हा आत की बाहेर?"

"उंबऱ्यावर," बटणमावशी म्हणाल्या.

बाईंनी घड्याळ बघितलं. थंड हॉलवाल्याला साडेतीनला फोन करायचं ठरलं होतं. त्या खुर्ची ओढून बसल्या, चहा मागवला. मी तिच्याकडे बघितलं. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. या वेळी थर्मामीटरला हात लावलेला नाही, हे दाखवायला असेल.

साडेतीनला रोजच्यासारखी वीज गेली. पंखे थांबले. मी डोळे मिटले. आता सगळ्या उठणार, नळावर जाणार, आणि बाई बघणार.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर बायका झरोक्यांच्या उजेडात बटणं लावत होत्या, दोरे कापत होत्या. एकजणही उठली नव्हती. एका झरोक्यापाशी कबुतराचं एक पीस आलं, जाळीला अडकून थरथरत राहिलं. वर वारा होता.

बाईंनी फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, आम्हाला ऐकू यावा म्हणून की चुकून, माहीत नाही. पलीकडून तो म्हणाला, "बोला बाई! जरा मोठ्याने बोला, आम्ही सगळे रस्त्यावर उभे आहोत. वीज गेलीय, आत श्वास घेता येत नाहीये!"

बाईंनी चहाचा घोट घेतला. "खिडक्या पाडून घ्या हो," म्हणाल्या. "आमच्याकडे एक मुलगी आहे, ती सांगेल कुठे पाडायच्या. हॉल मात्र नको आम्हाला."

पुढचं नीट लिहिता येणार नाही. कोणीतरी माझ्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की अजून दुखतंय. ती खडू घेऊन खांबापाशी गेली आणि दोन्ही आकडे लिहिले. साडेपस्तीस, छत्तीस. मग माझ्याकडे वळून माझ्या कपाळावर काहीतरी चिकटवलं. निळी चिंधी. ओली.

"आता तुझं डोकं," म्हणाली.

रविवार, ३०

जेवताना बाबांनी आईच्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मधे आई नव्हतीच, ती आत होती. बहुतेक मुद्दाम.

"किती?"

"साडेपस्तीस."

"दुसऱ्यावर?"

"छत्तीस."

बाबांनी मान हलवली. "जुळत नाहीत म्हणजे खरे असणार." मग जरा वेळाने, "मीठ दे."

मी मीठ दिलं. कॉलेजबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. पण थर्मामीटर परत मागितले नाहीत आणि दवाखान्याचा स्लॅब फार तापतो असं दोनदा म्हणाले.

आणखी एक. काल निघताना ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आमच्या घरी येशील? आईला छताला चुना लावून घ्यायचाय. फार विचारत होती, कोण तो काडेपेटी म्हणून." मी लगेच हो म्हटलं. रात्रभर विचार केला, कामासाठीच का होईना, बोलावलं तर खरं. आज सकाळी बटणमावशी भेटल्या, त्यांना म्हटलं छत किती मोठं आहे, अंदाज हवा, चुना भिजत घालायला. त्या म्हणाल्या, "छत? अरे, ती तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहते." आणि तोंडाला पदर लावून गेल्या.

तळमजल्याच्या छतावर तर दुसऱ्याचं घर असणार. चुना लावायचा कुठे?

मामाला विचारलं, कुंचा मोठा घेऊ की लहान. मामा म्हणाला, "कुंचा राहू दे. शर्ट दे इकडे." आणि माझा निळा शर्ट घेऊन गेला. संध्याकाळी इस्त्रीकाका तो घडी करून घरी देऊन गेले, कॉलर सुरीसारखी.

या लोकांना झालंय काय? चुन्याच्या कामाला इस्त्रीचा शर्ट घालून कोणी जातं का?